पाणीपट्टी : चिपळुणातल्या वाशिष्ठीकाठच्या एका आळीच्या नोंदी

९ फेब्रुवारी २०२५

दुकानातला स्विचबोर्ड बदलायला उघडला तर मागच्या खबदाडात चिखल. वाळलेला, राखेसारखा हलका, चिमटीत धरला की पूड होणारा. वास मात्र तोच. २२ जुलै २०२१ च्या पुराचा. साडेतीन वर्षं धुतोय, पुसतोय, रंग काढतोय, आणि हा आपला शांतपणे वायरींच्या मागे बसून होता.

तो झटकता झटकता ठरवलं, यंदा पावसाच्या आधी आळीपुरतं काहीतरी करायचं. मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, सोल्डरिंग येतं, भाचा डिप्लोमाला आहे. नदीचं पाणी मोजणारं एक यंत्र आणि त्यावरून आळीतल्या फोनना इशारा. बस, एवढंच.

इशारे येत नाहीत असं नाही. पावसाळ्यात पुलाजवळची पातळी मीटरमध्ये कळते, इशारा पातळी, धोका पातळी, भोंगा, सगळं आहे. पण मीटरचा तो आकडा ऐकून माझ्या उंबऱ्याला पाणी लागायला किती अवकाश आहे ते मला कळत नाही. शेजारच्या काकींना तर नाहीच. त्या म्हणतात, "आकडा सांगू नको, झोपू का उठू तेवढं सांग."

हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय.

१६ फेब्रुवारी

आज फक्त पाहणी. आळीच्या मागे आबांच्या धान्याच्या दुकानाच्या परसात नदीत उतरणाऱ्या दगडी पायऱ्या आहेत, सतरा. आबा सांगतात, त्यांच्या आजोबांच्या वेळी माल गोवळकोटपर्यंत गलबतांनी यायचा आणि तिथून लहान होड्या या पायऱ्यांना लागायच्या. आता खालच्या चार पायऱ्यांवर शेवाळ आणि प्लास्टिक.

ओहोटीला दिसणारी सगळ्यात खालची पायरी म्हणजे आपलं शून्य, असं ठरवलं. समुद्रसपाटी वगैरे नको. आळीत कोणाला समुद्रसपाटी माहीत नाही, ही पायरी सगळ्यांना माहीत आहे.

२३ फेब्रुवारी

आजचा दिवस लक्षात राहील.

प्रत्येक दुकानाचा आणि घराचा उंबरा त्या शून्यापासून किती उंच आहे, ते मोजायचं होतं. एकतीस उंबरे. गवंड्याकडून लेव्हल पाइप आणला. पारदर्शक नळी, तीस मीटर, आत पाणी. दोन टोकं दोघांनी धरायची. दोन्हीकडचं पाणी आपोआप एका पातळीत येतं. शेकडो वर्षं घरं बांधली गेली ती याच तत्त्वावर, आणि मला त्याच्यापेक्षा भरवशाचं काही सापडलं नाही. भाच्याने फोनमधलं उंची दाखवणारं ॲप काढलं होतं. त्यात एकाच जागी उभं राहून चार मीटर चढउतार झाला. ठेव म्हटलं खिशात.

पाण्यात थोडी निळी शाई टाकली म्हणजे रेघ दिसते. सकाळी आठला सुरुवात, साडेअकराला आळीच्या वरच्या टोकाला पोचलो. मग परत मोजत खाली आलो, तर शून्याशी दीड इंचाचा फरक. दीड इंच कुठे गेला? पुन्हा सगळं. शेवटी सापडलं : नळीला जिथे वळसा पडत होता तिथे हवेचा बुडबुडा अडकला होता, करंगळीच्या पेराएवढा. नळी झटकून, डोक्यावर धरून, बुडबुडा काढून तिसऱ्यांदा मोजलं. आता फरक दोन सूत. चालेल.

आणि मग आकडे लावले.

आबांचं दुकान आळीत सगळ्यात उंच, हे आमच्या लहानपणापासूनचं गृहीत. रस्त्यावरून तीन पायऱ्या चढून जावं लागतं. जांभ्याचा जोता, त्याला आबांच्या आजोबांचं नाव जोडलेलं. आमच्या दुकानाला एकच पायरी, म्हणून आम्ही खालचे. पण रस्ता स्वतःच उतरता आहे, तो रोज चालताना कळत नाही. नळी सांगते : आबांचा उंबरा शून्यापासून १२ फूट ८ इंच. माझा १३ फूट ७ इंच. वरच्या टोकाच्या शिंप्याचा, ज्याला पायरीच नाही, १४ फूट ११ इंच.

एकतीस उंबऱ्यांत आबांचा सगळ्यात खाली.

त्यांनी नळी स्वतः हातात घेतली, डोळा लावला, पाणी स्थिर होईपर्यंत थांबले. मग म्हणाले, "तुझी शाई खराब आहे." आत निघून गेले. चहा मात्र पाठवला.

२४ फेब्रुवारी

आबा सकाळी उघडायच्या आधी स्वतःच नळी मागायला आले. गवंडी घेऊन. मी काही विचारलं नाही. दुपारी नळी परत आली, गुंडाळी व्यवस्थित बांधून.

२ मार्च

जुन्या खुणा नोंदवल्या. २००५ चा पूर माझ्या भिंतीवर फरशीपासून ५ फूट ४ इंच. बाबांनी सुताराच्या पेन्सिलीने रेघ मारून खाली तारीख लिहिली होती. तो जुलैअखेरचा पाऊस, मुंबईला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला तोच. आम्ही सोळा वर्षं ती रेघ पाहुण्यांना दाखवायचो. "याच्यावर काही जात नाही आता."

२०२१ ची रेघ मला मारावी लागली नाही. भिंतीने ती स्वतःच धरली : ७ फूट ९ इंच. शून्यापासून २१ फूट ४ इंच. आबांकडे त्याच पाण्याची खोली ८ फूट ८ इंच होते. ते नेहमी म्हणायचे की "माझ्याकडे तुमच्याहून जास्त भरलं, माझं नशीब." नशीब कसलं, अकरा इंच.

त्या रात्रीचं इथे थोडं लिहितो, कारण मोजमापाला लागणार आहे. आषाढी एकादशी होऊन दोनच दिवस झालेले, म्हणजे त्रयोदशी, पौर्णिमा तोंडावर. खाडीत उधाण. वर घाटमाथ्यावर पाऊस असा की महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर नोंदला गेला. वीज गेली, मग फोनचं नेटवर्क गेलं. पहाटे पाण्याने माझा उंबरा ओलांडला आणि उजाडेपर्यंत गल्ला बुडाला. आम्ही माळ्यावर. खालून फ्रीज तरंगत छताला आपटल्याचा आवाज येत होता, ठक, ठक, थांबून थांबून, कोणी दार वाजवावं तसा. दुसऱ्या दिवशी आबांच्या दुकानात साखरेची पोती जागच्या जागी होती, शिवण न उसवलेली, आणि आत काही नाही.

पूर कोयनेच्या पाण्याने आला, की भरतीने, की गाळाने, की रस्त्याच्या भरावाने, यावर चिपळुणात प्रत्येक कट्ट्यावर एक तज्ज्ञ आहे. मी त्यात पडत नाही. मला फक्त पायऱ्या मोजायच्यात.

९ मार्च

सामान आलं. पाण्यात न बिघडणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर, एक ईएसपी-३२ बोर्ड (यंत्राचा मेंदू), सिमचं मॉड्यूल, छोटं सोलर पॅनेल, दोन लिथियम सेल. सेन्सर वरून खाली आवाज सोडतो, पाण्यावर आपटून परत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढतो.

गोम अशी की आवाजाचा वेग हवेच्या तापमानावर ठरतो. वीस अंशाला सेकंदाला ३४३ मीटर, पस्तीसला ३५२. चार मीटर अंतराला हा फरक दहा सेंटिमीटर, म्हणजे चार इंच. आबांच्या उंबऱ्याशी चार इंच म्हणजे सगळ्यात खालच्या थराची पोती. म्हणून सोबत तापमानाचा सेन्सरही बसवला. साठ रुपयांचा.

३० मार्च, पाडवा

गुढी उभारली, श्रीखंड खाल्लं, आणि परवानगीचा नाद सोडला. सार्वजनिक भिंतीवर पाइप लावायला एका कार्यालयात चार खेपा झाल्या. पहिल्या खेपेला अर्ज, दुसऱ्याला नकाशा, तिसऱ्याला "साहेब मीटिंगला", चौथ्याला अर्जच सापडेना. आबा म्हणाले, "माझ्या परसातली भिंत माझ्या बापाची आहे. लाव तिथे."

१२ एप्रिल

हनुमान जयंती. पौर्णिमा, उधाणाचा दिवस, म्हणून मुद्दाम आजच पाइप लावला : ओहोटीही खोल जाते, त्यामुळे शून्याची पायरी पूर्ण उघडी मिळते. सहा इंची पीव्हीसी पाइप भिंतीला उभा, खालून उघडा, म्हणजे आत लाटा येत नाहीत. सेन्सर पाइपच्या डोक्यावर, शून्यापासून १४ फूट २ इंचांवर, रस्त्याच्या वर तीन फूट. पाणी त्याच्याही वर गेलं तर यंत्र बुडेल. बुडू दे. तोवर त्याचं काम झालेलं असेल.

होडीवाला मदतीला होता. मी खालच्या पायरीवर बसून पाय पाण्यात सोडले तर ओरडला, "दादा, पाय वर घे. सुसर हितंच पडून आसते." वाशिष्ठीत मगरींची काही नवलाई नाही, पावसाळ्यात त्या रस्त्यावरही फिरून जातात. पण आपण बोल्ट आवळत असताना मागे एक पडून असणं ही वेगळी गोष्ट. उरलेले बोल्ट होडीतून आवळले.

भिंतीवर पाइपशेजारी पट्टीही रंगवली. फूट-इंचात, पांढऱ्यावर काळी, आकडे हातभर मोठे, बॅटरीच्या उजेडात वरून वाचता येतील असे. भाच्याने तिचं नाव ठेवलं पाणीपट्टी. पहिल्यांदाच आळीतल्या लोकांनी पाणीपट्टी आनंदाने बघितली.

भरतीची वेळ काढायचा जुना हिशोब होडीवाल्यालाही पाठ : तिथीची पाऊणपट. पौर्णिमा म्हणजे पंधरा, पाऊणपट सव्वाअकरा. ती झाली समुद्राची वेळ. दाभोळच्या तोंडातून शिरलेली भरती खाडी चढत आमच्या पायऱ्यांशी येईपर्यंत दुपारचा एक वाजून गेला. यंत्राने टिपलेली कमाल १ वाजून ५ मिनिटांनी. म्हणजे तिथीची पाऊणपट अधिक पावणेदोन तास. हे सूत्र पट्टीच्या वर खिळ्याने कोरून ठेवलं.

२२ एप्रिल

वद्य नवमी. भांगाचे दिवस, भरती अगदी मरगळलेली. आलेख सपाट यायला हवा होता. पण रोज रात्री त्यात एक टेंगूळ दिसतं. भरतीच्या वेळा रोज पुढे सरकतात, हे मात्र सरकत नाही. रोज साधारण त्याच सुमाराला येतं, दोनतीन तासांत ओसरतं. रविवारी लहान, सोमवारी पुन्हा मोठं.

भाचा म्हणाला, सेन्सर तापतोय. मी म्हटलं, रात्री? दोन दिवस डोकं खाल्लं. शेवटी बाबांनी वर्तमानपत्रातून मान न काढता सांगितलं, "संध्याकाळी सगळा महाराष्ट्र दिवे लावतो."

तेच. कोयनेचं पाणी. मूळची पूर्वेला कृष्णेकडे जाणारी नदी, तिचं पाणी डोंगरातल्या बोगद्यांतून इकडे कोकणात पाडून वीज करतात. सगळे टप्पे मिळून १९६० मेगावॉट. पोफळीच्या वीजघरातून कोळकेवाडीच्या धरणात, तिथून पुन्हा वीज करून सुटलेलं पाणी, म्हणजे अवजल, वाशिष्ठीत. म्हणून तर कोकणातल्या बाकीच्या नद्या एप्रिलमध्ये गोटे दाखवतात आणि आमची वाहती असते. विजेची मागणी संध्याकाळी चढते, तेव्हा संच जास्त चालतात, आणि ते पाणी वाट काढत रात्री आमच्या पायऱ्यांशी येतं. मुंबईत कोणी एसी लावला की आबांच्या तिसऱ्या पायरीवर दोन इंच.

हे अंगावर काटा आणणारं वगैरे काही नाही, दोन इंचच आहे. पण पुराच्या रात्री पाण्याला तीन तोंडं असतात : घाटावरचा पाऊस, खाडीतली भरती आणि अवजल. माझं यंत्र तिन्हींची बेरीज दाखवतं, कोणाचं किती ते सांगू शकत नाही. ते सांगण्याची गरजही नाही, पण चढ कधी थांबेल याचा अंदाज करायचा तर भरतीची वेळ हातात हवी. ती आहे.

१७ मे

सिमचं मॉड्यूल कॉल लावायला गेलं की बोर्डच रीसेट. क्षणभर दोन अँपिअर ओढतं, सेलच्या पातळ वायरींना ते झेपत नाही. जाड वायर आणि एक मोठा कपॅसिटर. सुटलं. हे दुकानात रोज करतो, तरी चार दिवस गेले. स्वतःच्या यंत्राला आपण गिऱ्हाइकाच्या फोनाएवढं गंभीर घेत नाही.

नदीत अजून गाळ काढणारी पोकलेनं दिसतात. २०२१ नंतर गाळासाठी लोकांनी साखळी उपोषण केलं तेव्हा कुठे हे काम हलायला लागलं. काढलेला गाळ काठावर ढीग करून ठेवलाय, तो पावसात परत आत जाईल का, हा आबांचा रोजचा प्रश्न. मला विचारतात, जणू पोकलेनं माझी आहेत.

२५ मे

मान्सून आज कोकणात दाखल. दहाबारा दिवस आधी! माझं वेळापत्रक ५ जूनचं होतं. डबा अजून सील केलेला नव्हता. गेले चार दिवस वळवाच्या नावाखाली जे कोसळत होतं त्यानेच आत पाणी गेलं, आणि पाण्यापासून वाचायला ओंबील मुंग्यांनी सगळं बिऱ्हाड डब्यात हलवलं. बोर्डावर अंडी. उघडल्यावर कोपरापर्यंत चावल्या. आगाऊ इशारा मिळाल्यावर उंच जागी कसं जायचं ते त्यांना कळलंय, आपल्यालाच कळत नाही, असं भाचा म्हणाला. त्याला म्हटलं आधी एम-सील मळ.

८ जून

आबांच्या ओट्यावर बैठक. विषय एकच : इशारा किती फुटांवर द्यायचा?

मला वाटलं होतं पाच मिनिटांचं काम आहे. दहा फूट म्हणू, सगळे हो म्हणतील. अडीच तास चालली.

आबा म्हणाले, माझ्याकडे साठ पोती. जिन्याने वर न्यायची तर एका हमालाबरोबर मी, तासाला वीस. मला तीन तास आधी कळलं पाहिजे, रात्री असेल तर चार, कारण हमाल झोपेतून उठवायचे. कापडवाला म्हणाला, दोन तास पुरे, पण ओलं अंगण असताना गठ्ठे उचलले तर तेवढ्यानेच माल डागाळतो. पाणी येणार नसेल तर मला उठवूच नका. माझ्या मोबाइलच्या दुकानाचं सामान दोन खोक्यांत बसतं, चाळीस मिनिटं. आणि कोपऱ्यावरच्या घरात अंथरुणाला खिळलेल्या आजी आहेत. त्यांना खुर्चीवर बसवून चौघांनी वर न्यायचं, तर दीड तास, आणि एकदा वर नेल्यावर त्यांना पुन्हा खाली आणणं हे वर नेण्याहून कठीण. त्यांच्या सुनेने स्पष्ट सांगितलं : "उगाच उठवलंत तर आईंचे हाल आमच्या हातून होतात. नाही उठवलंत तर पाण्याच्या. यातलं कुठलं ते तुम्ही ठरवू नका."

बरोबर होतं तिचं. मी दहा फुटांचा आकडा खोडला.

मग ठरलं ते असं. यंत्र "धोका" हा शब्द वापरणार नाही. प्रत्येकाला त्याच्या स्वतःच्या उंबऱ्याचा हिशोब जाईल : तुमच्या उंबऱ्याला अजून इतके फूट, पाणी तासाला इतके इंच चढतंय, पुढची भरती इतक्या वाजता. उठायचं की झोपायचं ते ज्याचं त्याने. आधी एक मिस्ड कॉल, मग मेसेज. एका सिमवरून एकतीस फोन लावायला दहा मिनिटं लागतात, म्हणून क्रम उंबऱ्याच्या उंचीने, खालचा आधी. पहिला फोन आबांना. ते काही बोलले नाहीत, पण मला वाटतं तो पहिला नंबर त्यांना थोडा आवडला.

काकी शेवटी उठता उठता म्हणाल्या, "म्हणजे झोपू का उठू ते शेवटी मलाच ठरवायचंय." हो काकी. पहिल्या पानावरचं वाक्य मी पुरं करू शकलो नाही.

कापडवाल्याने नकाशावरच्या रेषांचा विषय काढला होता. निळी रेषा म्हणजे सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची. निळीच्या आत बांधकामाला मनाई. आमच्या आळीवर दोन्ही रेषांचा डोळा आहे. दोन पुरांत सोळा वर्षं, मग पंचवीस कसली नि शंभर कसली, असा त्याचा सवाल. ते सरासरीचं गणित असतं, नदी पाळी लावून येत नाही, असं भाच्याने समजावलं. कापडवाला म्हणाला, मग नदीलाच समजाव.

२६ जून

वाईट दिवस.

काल अमावास्या, पाऊस दोन दिवस धरून. रात्री २ वाजून ४० मिनिटांनी यंत्राने सगळ्यांना उठवलं : पाणी दहा मिनिटांत ७ फूट १ इंचावरून १० फूट २ इंच. तीन फूट! मी स्वतः मेसेज वाचून माळ्याचा जिना चढायला लागलो, मग अर्ध्यावर थांबलो. दहा मिनिटांत तीन फूट म्हणजे धरणच फुटलं पाहिजे. इथे ते अशक्यही वाटत नाही, आमच्याच तालुक्यात २०१९ च्या २ जुलैच्या रात्री तिवऱ्याचं धरण फुटलं होतं. त्यामुळे हसता येईना आणि पळता येईना.

परसात जाऊन बॅटरी मारली तर पट्टीवर पाणी ७ फूट २ इंच. शांत. पाइपचं झाकण काढलं. आत सेन्सरच्या चार फूट खाली, सांध्याच्या बोल्टाला वेटोळं घालून, दिवड. चांगली मनगटाएवढी. पाणी चढलं तशी पाइपातून वर सरकली असणार, बोल्ट सापडला, तिथे मुक्काम. यंत्राने तिची पाठ मोजली.

मी हे सगळं करून रस्त्यावर येईपर्यंत आबांनी चार हमाल दुप्पट मजुरीने बोलावून बावीस पोती वर नेली होती. जिन्यात एक साखरेचं पोतं फाटलं. पायरी पायरीवर साखर, त्यावर ओले पाय, आणि हमालांचे चेहरे. मी म्हटलं, "आबा, साप होता." त्यांनी माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "पुढच्या वेळी मी उठणार नाही."

मजुरीचे चार हजार झाले. अर्धे मी दिले. त्यांनी नको म्हटलं नाही, म्हणजे राग खरा आहे.

आजींच्या सुनेने मात्र त्यांना हलवलं नव्हतं. मेसेज वाचून तिने खिडकीतून पट्टीकडे बॅटरी मारली होती. तिच्या खिडकीतून ती दिसते, हे मला माहीतच नव्हतं.

२९ जून

पाइपला खाली जाळी. प्रोग्राममध्ये बदल : दहा मिनिटांत सहा इंचांहून जास्त उडी असेल तर सगळ्यांना कॉल नाही, फक्त तिघांना : मला, आजींच्या सुनेला, काकींना. तिघांपैकी एकाने पट्टी डोळ्यांनी बघून होकार दिला की मगच बाकीचे फोन. काकींना औषधासाठी रात्री तसंही उठावं लागतं. त्यांनी वही घातली आहे, तारीख, वेळ, फूट, इंच. अक्षर माझ्याहून चांगलं.

१४ जुलै

यंत्र आणि काकींची वही यांत दोन आठवड्यांत जास्तीत जास्त फरक एक इंच. जिथे फरक आहे तिथे मी वहीवर विश्वास ठेवतो.

आबांचा फोन यादीतून काढू का, असं विचारलं. "असू दे," म्हणाले. बाकी बोलणं बंद.

२० ऑगस्ट

कालचं आज लिहितोय, काल वहीला हात लावायला सवड नव्हती.

१५ तारखेपासून कोकणात पाऊस थांबलेला नाही. सोमवारी रात्री चढ सुरू झाला, उडी नाही, सलग. मंगळवारी पहाटे ४ ला ८ फूट ६ इंच, तासाला नऊ इंचांचा चढ. उडी नसल्याने गरज नव्हती, तरी काकींनी पट्टी बघून होकार दिला. पहिला फोन आबांना : तुमच्या उंबऱ्याला ४ फूट २ इंच बाकी, याच चढाने साडेपाच तास, भरती दहाच्या सुमारास.

सव्वाचारला त्यांच्या दुकानात दिवा लागला. मी खिडकीतून बघत होतो. दिवा तसाच, हालचाल काही नाही. साडेचारला आबा परसात आले, छत्री, बॅटरी, पट्टी बघितली. पाचला पुन्हा आले, पुन्हा बघितली. नऊ इंच झाले का ते मोजत होते. झाले होते. साडेपाचला हमाल आला आणि पोती निघाली. साखर आधी, मग पीठ, मग डाळी. तांदूळ शेवटी, तो भिजला तरी गुरांना जातो.

७ वाजता १० फूट ९ इंच. पाणी आता रस्त्याला लागायला पाच इंच. कापडवाला जागा होता पण त्याने काही उचललं नाही, दोन तास आहेत म्हणाला. आजींना खुर्चीत बसवून ठेवलं, उचललं नाही. रस्त्यावर पाणी आलं. मग चढ मंदावला. ९ वाजून ५० मिनिटांनी ११ फूट ९ इंच, तिथे काळ्या आकड्याला चिकटून राहिलं. रस्त्यावर सात इंच, आबांच्या उंबऱ्याला अकरा इंच बाकी. अर्धा तास आळीतले सगळे दारात उभे राहून एका आकड्याकडे बघत होतो, कोणी बोलत नव्हतं. साडेदहानंतर पहिली ओली रेघ पाण्याच्या वर दिसली.

वद्य एकादशी होती. पाऊणपट सव्वाआठ, अधिक पावणेदोन तास, दहा. भरती वेळेवर आली पण भांगाची, जोर नसलेली. शनिवारी अमावास्या आहे. हेच पाणी चार दिवसांनी आलं असतं तर त्या अकरा इंचांचं काय झालं असतं, हा हिशोब मी केला आणि कोणाला सांगितला नाही.

२४ ऑगस्ट

पाइपातला गाळ काढला, तीन बोटं बसला होता. सेन्सर पुसला. पट्टीचा १० आणि ११ चा आकडा ओंडक्याने खरवडलाय, गणपतीच्या आधी रंगवायचा आहे.

संध्याकाळी आबा दुकानात आले. फोन बिघडला असेल असं वाटलं. म्हणाले, "नळी आहे का अजून तुझ्याकडे?" आहे. "आतली फरशी वर घ्यायची म्हणतोय, उंबऱ्यासकट. जोत्याला हात लावायचा नाही, आजोबांचा आहे. आत भर टाकून चौदा इंच चढेल, गवंडी म्हणतो." थोडं थांबून, "चौदा इंचांत किती वेळ मिळतो?"

परवाच्या चढाने तासाला नऊ, म्हणजे दीड तास.

त्यांनी बोटांवर मोजलं. "तीस पोती," म्हणाले, आणि शाई निळीच टाक, दुसरी नको, असं बजावून गेले. गवंडी दिवाळीनंतर मोकळा आहे.